पोट चोवीस आठवड्यांचं, संगणक म्हणतो अठ्ठावीस

काही वर्षांपूर्वीची नोव्हेंबरमधली सकाळ. गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस असल्यामुळे ओपीडीबाहेरचे बाक साडेनऊलाच भरून गेले होते. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ पट्ट्यातून पहाटेची एसटी पकडून आलेली एक तरुणी तपासणीच्या टेबलावर होती. शेजारी तिची सासू. हातात तालुक्याच्या ठिकाणी संगणकावर काढून दिलेली छापील चिठ्ठी होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं : गरोदरपणाचे २८ आठवडे २ दिवस, प्रसूतीची अपेक्षित तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात.

सिस्टरांनी पोटावर हात ठेवला आणि त्या थबकल्या. तीस वर्षांचा अनुभव असलेला हात तो. त्यांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, ‘‘डॉक्टर, हिचं पोट तारखेला जुळत नाही. बेंबीच्या वर गेलेलंच नाही.’’

गर्भाशयाचा वरचा काठ बेंबीच्या पातळीला आला की साधारण २४ आठवडे, हा आमच्याकडे शिकवला जाणारा ढोबळ हिशेब. २८ आठवड्यांना तो बेंबीच्या बराच वर हवा. चार आठवड्यांचा फरक दिसला की डॉक्टरच्या मनात दोन शंका येतात. एक तर बाळाची वाढ खुंटली आहे, नाहीतर तारीख चुकली आहे. पहिली शंका भीतीदायक, म्हणून आधी दुसरी तपासायची.

‘‘शेवटची पाळी कधी आली होती?’’ मी विचारलं. तिनं सासूकडे पाहिलं. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘‘आखाजी होऊन तीन आठवडे झाले असतील, डाक्टर. राब भाजून झाला होता, पाऊस तोंडावर होता.’’

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या वर्षी ती मेच्या मध्यावर आली होती. त्यात तीन आठवडे मिळवले की जूनचा पहिला आठवडा येतो. सासूबाईंच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सुरुवातीच्या सोनोग्राफीचा कागद निघाला, तोही जूनकडेच बोट दाखवत होता. गावच्या नर्सताईंनी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : ५/६. म्हणजे ५ जून. त्या हिशेबानं त्या दिवशी बरोबर २४ आठवडे पूर्ण होत होते. बाळ व्यवस्थित वाढत होतं. सिस्टरांचा हात बरोबर होता, सासूबाईंची आखाजी बरोबर होती, नर्सताईंची वही बरोबर होती. चुकला होता तो फक्त संगणक.

कॅलेंडर उघडलंच नाही

संगणकानं ५/६ हे ‘६ मे’ असं वाचलं होतं. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. आपला ५ जून तिकडे ६ मे होतो. फरक बरोबर ३० दिवसांचा, म्हणजे चार आठवडे आणि दोन दिवस.

पण हे झालं कसं? ज्या फॉर्ममध्ये ही माहिती भरली गेली, तो एका पुरवठादाराकडून करून घेतलेला इंटरनेटवरचा फॉर्म होता. त्यात तारखेच्या रकान्यावर टिचकी मारली की छोटंसं कॅलेंडर उघडतं, त्यातला दिवस निवडायचा, अशी सोय होती. नव्या ब्राउजरमध्ये ही सोय उत्तम चालते आणि त्यात दिवस-महिन्याचा घोळ होऊच शकत नाही. मात्र त्या केंद्रावरचा संगणक जुना होता आणि त्यावर इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउजर वापरला जात होता. ‘तारखेचा रकाना’ ही गोष्ट एक्सप्लोररला शेवटपर्यंत शिकवली गेली नाही. वेबचा एक जुना नियम असा, की ब्राउजरला एखादा रकाना कोणत्या प्रकारचा आहे हे कळलं नाही, तर तो तक्रार न करता साधा मजकुराचा रकाना दाखवतो. त्यामुळे तिथं कॅलेंडर उघडलं नाही. रिकामी चौकट दिसली. कर्मचाऱ्यानं आपल्या रिवाजाप्रमाणे ०५/०६ आणि वर्ष टाइप केलं. पडद्यामागच्या प्रोग्रॅमनं ते अमेरिकी क्रमानं वाचलं. कुठेही लाल अक्षरात सूचना आली नाही, घंटा वाजली नाही.

वैद्यकशास्त्रात सगळ्यात धोकादायक आजार कोणता, असं विचारलं तर मी म्हणेन, जो दुखत नाही तो. ही चूकही तशीच होती. १३ किंवा त्यापुढची तारीख टाकली की तेरावा महिना नसल्यामुळे फॉर्म अडायचा आणि ‘तारीख चुकीची’ म्हणायचा. मग कर्मचारी ती नोंद बाजूला ठेवून दुसऱ्या संगणकावर भरायचे. ‘आपला संगणक जुना आहे, कधीकधी अडतो’ एवढाच त्याचा अर्थ घेतला जायचा. १ ते १२ या तारखा मात्र मुकाट आत जायच्या आणि उलट्या व्हायच्या. हिशेब करून पाहा. बारा महिन्यांतल्या पहिल्या बारा-बारा तारखा मिळून १४४ दिवस. त्यातले ३/३, ६/६ असे बारा दिवस उलटे वाचले तरी तेच राहतात. उरले १३२ दिवस. वर्षातल्या तीनशे पासष्टपैकी एकशे बत्तीस दिवस, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, चुपचाप चुकीचे नोंदवले जाऊ शकत होते.

गरोदरपणात महिनाभराच्या चुकीला मोठी किंमत असते. समजा, एखादी बाई ३३ आठवड्यांना कळा घेऊन आली. कागद म्हणतो ३७ आठवडे झाले. ३७ म्हणजे दिवस भरले, मग काळजीचं कारण नाही, असं ड्यूटीवरच्या डॉक्टरला वाटू शकतं. प्रत्यक्षात बाळाची फुप्फुसं अजून तयार झालेली नसतात. आपल्या शासकीय कार्यक्रमात २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान मुदतपूर्व कळा सुरू झाल्या, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. सहा मिलिग्रॅमचा एक डोस, बारा-बारा तासांनी, असे चार. त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हायला मदत होते. तारीख चुकली तर हे स्वस्त आणि जीव वाचवणारं औषध कपाटातच राहतं. उलट, खऱ्या ३६ आठवड्यांना कागद ‘४० पूर्ण’ म्हणतो आणि गरज नसताना कळा आणण्याची घाई होऊ शकते.

‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय’

आम्ही पुरवठादाराला कळवलं. चार दिवसांनी एक तरुण इंजिनीअर लॅपटॉप घेऊन आला. फॉर्म उघडला, तारखेवर टिचकी मारली, कॅलेंडर उघडलं. ‘‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय, डॉक्टर,’’ तो म्हणाला. त्यात त्याची लबाडी नव्हती. आमच्याकडेही असं घडतं. घरी रात्रभर छातीत धडधडणारा रुग्ण ओपीडीत येतो आणि ईसीजी अगदी सरळ निघतो. म्हणून रुग्ण खोटं बोलतो असं आम्ही म्हणत नाही. चोवीस तास नोंद घेणारं होल्टर यंत्र त्याच्या अंगावर बांधून घरी पाठवतो. म्हणजे आजार जिथे होतो तिथेच तो पकडायचा.

मी त्या मुलाला तेच सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, ‘‘त्याचीही सोय आहे.’’ त्यानं लॅपटॉपवर एक खिडकी उघडली आणि त्या खिडकीत दुसराच, जुना संगणक सुरू झाला. जुनी विंडोज, जुना एक्सप्लोरर, सगळं तसंच. त्यात फॉर्म उघडला तर कॅलेंडर गायब! पाच मिनिटांत रोग सापडला. मला त्या खिडकीचं कुतूहल वाटलं. पुढचे दोन-तीन रविवार मी तो विषय समजून घेतला, तो असा.

एकाच पानाची अनेक रूपं

वेबसाइट म्हणजे चित्र नव्हे, ती सूचनांची यादी असते. इथं रकाना काढा, इथं अक्षर ठळक करा, इथं हिशेब करा, अशा सूचना सर्व्हर पाठवतो आणि त्या वाचून प्रत्यक्ष पान उभं करायचं काम ब्राउजर करतो. एकच पाककृती दोन घरांत गेली की दोन चवींची भाजी होते, तसंच. १९९० मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउजर लिहिला. १९९३ मध्ये मोझॅक, १९९४ मध्ये नेटस्केप आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. पुढे नेटस्केप मागे पडला आणि २००१ मध्ये आलेल्या एक्सप्लोरर ६ नं जवळपास सगळं जग व्यापलं. स्पर्धाच उरली नाही, म्हणून त्याची पुढची आवृत्ती यायला थेट २००६ उजाडलं.

त्या काळात कार्यालयांसाठी बनलेल्या असंख्य वेबसाइट एक्सप्लोरर डोळ्यांसमोर ठेवूनच बनल्या. ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते’ ही तळाशी असलेली ओळ अनेकांना आठवत असेल. दरम्यान २००४ मध्ये फायरफॉक्स आणि २००८ मध्ये क्रोम आला. जग पुढे गेलं, पण कार्यालयांतले संगणक दहा-बारा वर्षं बदलत नाहीत. त्यामुळे वेबसाइट बनवणाऱ्यापुढे पेच उभा राहिला. स्वतःच्या टेबलावर नवा ब्राउजर, वापरणाऱ्याच्या टेबलावर जुना. दोन्हींवर आपलं पान नीट चालतं का, हे एकाच संगणकावर कसं तपासायचं?

फायरफॉक्सच्या बाबतीत हे तुलनेनं सोपं. प्रत्येक आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि प्रत्येकीला वेगळं ‘प्रोफाइल’ द्यायचं. प्रोफाइल म्हणजे वापरणाऱ्याच्या खुणा, पासवर्ड, सेटिंग यांचं दप्तर. नव्या आवृत्तीचं दप्तर जुनीच्या हाती दिलं की ते बिघडण्याचा धोका असतो. आपोआप अद्ययावत होण्याची सोयही बंद करावी लागते, नाहीतर रात्रीतून जुनी आवृत्ती नवी होऊन बसते. क्रोमच्या जुन्या आवृत्त्याही अशाच स्वतंत्र दप्तरांसह ठेवता येतात.

खरी अडचण एक्सप्लोररची. तो विंडोजमध्येच मुरलेला होता. नवी आवृत्ती टाकली की जुनी जायची, दोन्ही एकत्र नांदायच्या नाहीत. २००३ मध्ये जो मॅडलोन या अमेरिकी वेब डिझायनरनं एक युक्ती शोधली. जुन्या एक्सप्लोररच्या फोल्डरमध्ये विशिष्ट नावाची एक रिकामी फाइल ठेवली, की तो प्रोग्रॅम विंडोजच्या सामाईक फायलींऐवजी आपल्या फोल्डरमधल्या जुन्या फायली वापरतो. मग एकाच संगणकावर दोन-तीन एक्सप्लोरर शेजारी शेजारी उघडू लागले. लोकांनी त्याची तयार पॅकेजं बनवली. पुढे आयई-टेस्टर नावाचा प्रोग्रॅम आला, त्यात एकाच खिडकीत वेगवेगळ्या आवृत्त्यांचे टॅब उघडता येत.

पण या युक्त्यांत एक मेख होती. ब्राउजर जुना असला तरी खालची बरीच यंत्रणा नवीनच राहायची. एखादी चूक खऱ्या जुन्या संगणकावर दिसायची आणि इथं दिसायची नाही. आम्ही डॉक्टर याला दूषित नमुना म्हणू. रक्त एका रुग्णाचं आणि नळी दुसऱ्याची, मग रिपोर्टवर विश्वास कसा ठेवायचा? आणखी एक पद्धत आहे, नव्या ब्राउजरला ‘मी जुना आहे’ असं सांगायला लावायचं. तो नाव जुनं सांगतो, पण वागतो नव्यासारखा. वैद्यकीय परीक्षेत विद्यार्थ्याला रुग्णाचं सोंग घ्यायला लावतात. सरावाला ठीक, पण त्याच्या पोटात खरं अपेंडिक्स सुजलेलं नसतं.

संगणकाच्या पोटात संगणक

म्हणून खात्रीचा मार्ग ठरला व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे आभासी संगणकाचा. त्या मुलानं मला दाखवलेली खिडकी हीच. व्हर्च्युअलबॉक्ससारखा मोफत प्रोग्रॅम आपल्या संगणकातल्या मेमरीचा आणि डिस्कचा एक हिस्सा बाजूला काढतो आणि त्यात दुसरा, पूर्ण संगणक उभा करतो. त्यात जुनी विंडोज, तिच्यावर तिच्याच काळातला ब्राउजर, तिच्याच काळातले फॉन्ट. तो आपल्या जागी सुखानं असतो, बाहेरच्या नव्या संगणकाला त्याचा पत्ताही नसतो. मायक्रोसॉफ्टनंही काही वर्षं अशी तयार मशिनं वेबसाइट बनवणाऱ्यांना मोफत दिली होती. ती ९० दिवसांत मुदतबाह्य व्हायची.

यातली मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे ‘स्नॅपशॉट’. मशीन स्वच्छ असताना त्याची स्थिती जतन करून ठेवायची. तपासणीत काही बिघडलं, व्हायरस शिरला, तर एका बटणानं पुन्हा त्या स्वच्छ क्षणाला परत जायचं. अशी सोय माणसाच्या शरीराला असती तर माझी ओपीडी निम्म्यानं रिकामी झाली असती! अर्थात, किंमत मोजावी लागते. प्रत्येक आभासी संगणकाला मेमरी लागते, डिस्कवर कित्येक जीबी जागा लागते आणि आतल्या विंडोजचा परवानाही कायदेशीर हवा.

मग पुढचा प्रश्न आला. ब्राउजरच्या शेकडो आवृत्त्या, त्यात मोबाइलची भर, एका लॅपटॉपवर किती मशिनं ठेवणार? याचं एक मोठं उत्तर आपल्या महाराष्ट्रातून निघालं. पवईच्या आयआयटीत शिकलेले रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल या दोघांना वेगवेगळ्या एक्सप्लोररवर वेबसाइट तपासण्याच्या डोकेदुखीचा अनुभव होता. त्यातून २०११ मध्ये मुंबईत त्यांनी ब्राउजरस्टॅक ही कंपनी सुरू केली. जुने-नवे ब्राउजर आणि खरे मोबाइल फोन त्यांच्या केंद्रांत ठेवलेले असतात. तपासणाऱ्यानं जगात कुठेही बसून आपल्या ब्राउजरमधूनच ते चालवायचे. २०२१ मध्ये गुंतवणूकदारांनी या कंपनीचं मूल्य ४ अब्ज डॉलर ठरवलं. ‘जुन्या संगणकावर आपलं पान नीट दिसतं का’ या एवढ्याशा वाटणाऱ्या प्रश्नाचं हे मोल आहे.

‘ॲ’ कुठे गेला?

हा प्रश्न मराठीत आणखी गहिरा होतो. त्या दिवशी जुन्या मशीनमध्ये फॉर्म पाहताना माझी नजर दुसऱ्या एका रकान्यावर गेली. नव्या संगणकावर तिथं ‘ॲलर्जी’ असं शीर्षक होतं. जुन्यात दिसत होती एक रिकामी चौकट आणि पुढे ‘लर्जी’.

याचं कारण असं. जगातल्या प्रत्येक अक्षराला युनिकोड नावाच्या व्यवस्थेत एक क्रमांक असतो. आपल्या मराठी ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. त्याआधी बनलेल्या फॉन्टना, उदाहरणार्थ विंडोज एक्सपीबरोबर आलेल्या फॉन्टला, हे अक्षर माहीतच नाही. माहीत नसलेल्या अक्षराच्या जागी चौकोन येतो. आता विचार करा, आमच्या खात्यातले किती शब्द या अक्षरानं सुरू होतात : ॲलर्जी, ॲनिमिया, ॲस्पिरिन, ॲसिडिटी, ॲम्ब्युलन्स. एक्सपीत भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागायची. ती केली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे न जाता पुढे लटकायची आणि जोडाक्षरं तुटायची. काही जुन्या फॉन्टमध्ये ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ या शब्दांतला अर्धा र भलत्याच रूपात दिसायचा. ‘गोळी दुसऱ्या दिवशी थांबवा’ ही सूचना वाचताना अडखळलेला माणूस गोळी कधी थांबवेल, हे सांगता येत नाही.

हे नव्यानं कळलेलं शहाणपण नव्हे. केंद्र सरकारनं संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. संकेतस्थळ अनेक ब्राउजरवर तपासावं आणि हिंदी व प्रादेशिक भाषांचे फॉन्टही तपासावेत, असं त्यांत आहे. नियम आहे. तो कंत्राटाच्या कागदावरून सुरगाण्याच्या किंवा पेठच्या टेबलापर्यंत पोहोचतो का, एवढाच प्रश्न आहे.

औषधांच्या बाबतीत आम्ही हा धडा मोठी किंमत देऊन शिकलो. औषध फक्त निरोगी तरुणांवर तपासलं तर म्हाताऱ्यांमध्ये, मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये ते काय करेल हे कळत नाही. आणि प्रत्यक्षात औषध घेणारे बहुतेक तेच असतात. नव्या चकचकीत लॅपटॉपवर तपासलेल्या फॉर्मचंही तेच.

मग जुनंच वापरावं का?

नाही, मुळीच नाही. इथं गल्लत होऊ देऊ नका. जुना ब्राउजर तपासणीसाठी ठेवणं वेगळं आणि त्यावर रोजचं काम करणं वेगळं. जुन्या ब्राउजरमधली भोकं जगजाहीर झालेली असतात आणि ती बुजवणारं कोणी उरलेलं नसतं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज १० वरच्या नेहमीच्या वापरातून इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या जानेवारीतली. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधारही संपला.

आधार संपलेली किंवा दुरुस्ती न केलेली यंत्रणा रुग्णालयात काय करू शकते, ते १२ मे २०१७ ला ब्रिटननं पाहिलं. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं तिथल्या सरकारी आरोग्य सेवेचे संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय संस्थांना झळ बसली आणि सुमारे १९ हजार तपासण्या-शस्त्रक्रियांच्या वेळा रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज पुढे लेखापरीक्षणात मांडला गेला. तो व्हायरस ब्राउजरमधून नव्हे, विंडोजमधल्या एका भोकातून शिरला होता. पण ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. ती लावलेली नव्हती, एवढंच.

देवीचा रोग जगातून संपल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. तरी तिचा विषाणू संशोधनासाठी जगात अधिकृतपणे दोनच ठिकाणी, अमेरिकेत आणि रशियात, कडेकोट कुलपात ठेवलेला आहे. जुन्या ब्राउजरचंही तसंच हवं. आभासी संगणकात ठेवा, खऱ्या रुग्णाची माहिती त्यात टाकू नका, त्यावरून ई-मेल किंवा बँक उघडू नका, काम झालं की स्वच्छ स्नॅपशॉटवर परत जा. एखादी जुनी सरकारी साइट एक्सप्लोररशिवाय चालतच नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउजरमध्ये त्यासाठी ‘आयई मोड’ आहे. किमान २०२९ पर्यंत तो चालू ठेवण्याचं कंपनीनं सांगितलं आहे. फक्त त्या एका साइटपुरता तो वापरावा.

आपण सगळ्यांनी काय करावं?

फॉर्म आपण स्वतः भरत असाल किंवा सेवा केंद्रावर भरून घेत असाल, तर छापील पावतीवरची तारीख तिथल्या तिथे वाचा. पाळीची, जन्माची, लसीकरणाची तारीख शक्य तिथे महिना अक्षरात लिहून द्या : ‘५ जून’. बाळाच्या लसींचं वेळापत्रक जन्मतारखेवरच चालतं. सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने. एक महिना इकडेतिकडे झाला की गोवर-रुबेलाची लस वेळेआधी टोचली जाऊ शकते आणि आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे ती नीट लागू पडत नाही. संगणकाचा आकडा आणि तुमची आठवण यांत फरक असेल, तर तसं डॉक्टरांना सांगा. ‘संगणकानं काढलंय म्हणजे बरोबरच असेल’ असं म्हणून गप्प बसू नका. आणि घरातल्या संगणकावर ब्राउजर अद्ययावत करण्याची सूचना आली, की ती ‘नंतर’ म्हणून ढकलू नका.

ज्यांच्या सहीनं असे फॉर्म विकत घेतले जातात, त्यांना एकच विनंती. आपल्या सर्वांत दूरच्या केंद्रावर सर्वांत जुना संगणक कोणता आहे, त्यावर कोणती विंडोज आणि कोणता ब्राउजर आहे, हे आधी लिहून काढा. पुरवठादारानं अगदी तशाच आभासी संगणकावर फॉर्म भरून दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नका. यासाठी नवीन यंत्र घ्यावं लागत नाही, अर्धा दिवस द्यावा लागतो.

आमच्या त्या तरुण इंजिनीअरनं दोन दिवसांत दुरुस्ती केली. कॅलेंडर काढून टाकलं आणि तीन साधे रकाने दिले : दिवस, महिन्याचं नाव, वर्ष. भरून झालं की फॉर्म स्वतःच विचारतो, ‘५ जून, म्हणजे आज २४ आठवडे, बरोबर?’ कोणत्याही ब्राउजरमध्ये ते चालतं. मग सिस्टर आणि आशाताईंनी बसून जुन्या नोंदींतल्या १ ते १२ तारखा काढल्या आणि एकेका घरी फोन करून किंवा जाऊन त्या पुन्हा विचारल्या. कंटाळवाणं काम होतं, पण एकीनंही ते अर्धवट सोडलं नाही.

ती पहिली तरुणी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतर एका रात्री कळा घेऊन आली. जुन्या चिठ्ठीप्रमाणे तिचे ३७ आठवडे उलटून गेले असते. पण तिच्या कार्डावर सिस्टरांनी लाल शाईनं दुरुस्त तारीख लिहिलेली होती. ३३ आठवडे. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं त्याच रात्री पहिलं इंजेक्शन दिलं. चारही डोस पूर्ण झाल्यावर, तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. वजन १ किलो ८०० ग्रॅम. काही दिवस ती नवजात शिशू कक्षात राहिली, आईच्या छातीशी बांधून ऊब घेत वाढली आणि घरी गेली.

डिस्चार्जच्या दिवशी सासूबाईंनी कागदावरची जन्मतारीख मला दोनदा वाचायला लावली. ‘‘महिना अक्षरात लिवा, डाक्टर,’’ त्या म्हणाल्या. मी ‘जानेवारी’ असं अक्षरात लिहून दिलं.